उशिरा आलेला सीक्वल (हॉरर सिनेमा)

एखादी हॉरर सिरीज थंडावते, बरीच वर्षं तिच्याकडे कुणी फिरकत नाही आणि मग अचानक पुढचा भाग येतो, त्याला उशिरा आलेला सीक्वल म्हणतात. रीमेक वेगळा, त्यात जुनीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात, इथे गोष्ट पुढे सरकते आणि जमलं तर जुने कलाकारच परत येतात.

प्रकार तसा जुनाच आहे. ‘सायको’ १९६० चा, दुसरा भाग आला थेट १९८३ ला, आणि त्यातला खुनी नॉर्मन बेट्स परत अँथनी पर्किन्सनेच केला. एवढी वर्षं मनोरुग्णालयात काढून नॉर्मन घरी येतो अशी गोष्ट, म्हणजे मधला काळ कुठे गेला याचं उत्तर सिनेमातच होतं. सगळी मेख इथेच आहे. गेलेली वर्षं गोष्टीत मुरलेली असली की सिरीजमध्ये जीव येतो, नुसत्या जुन्या नावावर येत नाही.

‘हॅलोविन’ बघा. जॉन कार्पेंटरचा मूळ सिनेमा १९७८ चा, त्यात मुखवटा घातलेला खुनी मायकल मायर्स हॅलोविनच्या रात्री लॉरी नावाच्या मुलीच्या मागे लागतो. १९९८ च्या भागात लॉरी मायकल मायर्सचं मुंडकंच उडवते, तिथेच विषय संपायला हवा होता, पण २००२ च्या भागात सांगितलं की मुखवट्याखाली भलताच माणूस होता! प्रेक्षकाला असं फसवलं की पुढे त्याला कशाचीच भीती वाटत नाही, कारण कुठलंच मरण खरं राहत नाही. मग २०१८ ला डेव्हिड गॉर्डन ग्रीनने १९७८ नंतरचं सगळं पुसून टाकलं, लॉरी आणि मायकल बहीणभाऊ आहेत हे सुद्धा, आणि ४० वर्षं त्याच रात्रीची धास्ती घेऊन घराचा किल्ला करून बसलेली लॉरी दाखवली. लॉरी करणारी जेमी ली कर्टिस तेव्हा साठीला टेकलेली, ते वय मेकअपचं नव्हतं. मूळ सिनेमात मायकल बाल्कनीतून पडतो, त्याचे डॉक्टर खाली बघतात तर तो गायब. इथे लॉरी पडते, मायकल खाली बघतो तर ती गायब! अंगावर काटा येतो, कारण शिकार कोण आणि शिकारी कोण हे एका शॉटमध्ये उलटलेलं असतं. सिनेमा जोरदार चालला. पण नंतरचे २०२१ आणि २०२२ चे भाग ती धार टिकवू शकले नाहीत, त्यामुळे एक भाग चालला म्हणून फ्रँचायझी उठली असं लगेच म्हणू नये.

‘द एक्सॉर्सिस्ट’चं तर वाईट वाटतं. १९७३ च्या सिनेमातली आई, एलन बर्स्टिन, ५० वर्षांनी २०२३ च्या भागात परत आली आणि तिला थोडा वेळ दाखवून आंधळी करून बाजूला बसवली. तीन भागांचा प्लॅन होता, पुढचा ठरलेला भाग आलाच नाही.

मृत्यूला चकवलेल्यांना तो परत गाठतो अशी ‘फायनल डेस्टिनेशन’ सिरीज २०११ नंतर १४ वर्षं बंद होती. २०२५ च्या भागात मृत्यूला हुलकावणी देत म्हातारी झालेली आजी आहे, आणि तिने वाचवलेल्यांची मुलं-नातवंडं मुळात जन्मायलाच नको होती म्हणून मृत्यू आता त्यांच्या मागे लागलाय. यात सिरीजमधला जुना नट टोनी टॉड शेवटचा दिसतो. शूटिंगच्या वेळी तो खरोखर आजारी होता, खूप बारीक झालेला, आणि दिग्दर्शकांनी त्याला सांगितलं की शेवटचे शब्द तुझ्या मनातून बोल. हातातलं आयुष्य भरभरून जगा असं काहीसं बोलून तो खोलीतून निघून जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो गेला, सिनेमा पुढच्या मे महिन्यात लागला.