‘जरा कॉर्पोरेट वाटतंय’ : एका शेऱ्याची पार्श्वभूमी

एका छोट्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचे तीन नमुने टेबलावर मांडले होते. तिसऱ्यावरून कोणाची नजर हटत नव्हती. रंग जमले होते, अक्षरं जागच्या जागी बसली होती, खटकावं असं काही नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, “छान आहे, पण जरा कॉर्पोरेट वाटतंय.” झालं, नमुना बाद. तसं वाटतंय म्हणजे नेमकं काय होतंय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. तो शब्द उच्चारला की पुढचं बोलणं आपोआप संपतं, आणि म्हणूनच तो आला कुठून हे बघावंसं वाटलं.

या अर्थाने तो अमेरिकेतल्या रॉक संगीतातून आला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांवर खार खाऊन असलेल्या लहान बॅंडांनी तिथे ‘कॉर्पोरेट’ला शिवी करून टाकलं होतं. १९९२मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर झळकताना ‘निर्वाणा’ बॅंडच्या कर्ट कोबेनने मासिकाचीच टर उडवणारा टीशर्ट घातला; कॉर्पोरेट मासिकं अजूनही भिकारच आहेत, अशा अर्थाची हातलिखित ओळ त्यावर होती. गंमत म्हणजे ज्या अल्बममुळे तो त्या मुखपृष्ठावर पोचला, तो मोठ्या कंपनीने काढलेला आणि चांगलाच घोटून गुळगुळीत केलेला होता. पुढे त्याला त्या गुळगुळीतपणाची लाज वाटू लागली आणि पुढचा अल्बम त्याने मुद्दाम खरखरीत ठेवला. २०१७च्या सुमारास फेसबुकसाठी तयार झालेली सपाट रंगांची, लांब हातापायांची, बारक्या डोक्यांची माणसं जगभरच्या ॲपांमध्ये दिसू लागली, तेव्हा हा शब्द चित्रांनाही चिकटला.

शब्द असा उशिरा आला, पण भांडण आपल्याकडे जुनंच आहे. मराठीत या शिवीसाठी पिढीगणिक वेगळा शब्द होता: बाजारू, धंदेवाईक, कॅलेंडरछाप, प्रस्थापित. आणि ‘सफाई’बद्दलचा आपला संशय भाषेतच मुरलेला आहे. सुताराच्या ‘हाताला सफाई आहे’ म्हटलं तर कौतुक. तेच दोन शब्द जोडून ‘हातसफाई’ म्हटलं की माणूस खिसा चाचपतो.

बाजारूपणाचा पहिला मोठा आरोप झाला तो राजा रविवर्मा यांच्यावर. त्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि प्लेगच्या दिवसांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछपाई चाले: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, प्रत्येक दगडावर त्या रंगापुरतं चित्र, आणि कागद दर वेळी केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे. लक्ष्मीच्या गालावरचा गुलाबी जरा सरकला की ती प्रत गेली. वरून वॉर्निशचा हात, म्हणजे तैलचित्राची चमक. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला अशा घराघरांत गेल्या, आणि ज्यांना देवळाची पायरी चढायला बंदी होती त्यांच्याही भिंतीवर देव आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याकडे वारं फिरलं. ई. बी. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या जाणकारांना हे सगळं नाटकी, उसनं आणि पाश्चात्त्य नकलेचं वाटलं. त्यांच्या टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. काही चित्रांतल्या देवता खरोखरच नाटकाच्या पडद्यापुढे उभ्या असल्यासारख्या दिसतात. पण या ‘बाजारू’ माणसाचा बाजारातला हिशोब पाहा. छापखाना कर्जात बुडाला आणि त्यांना तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकावा लागला.

दुसरी रेघ शाळेनेच ओढली. १८५७मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ला कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. तेव्हापासून एकाच आवारात ‘फाइन’वाले आणि ‘कमर्शियल’वाले अशा दोन जाती नांदतात. या रेघेचा जाच मडगावच्या चित्रकार दीनानाथ दलालांइतका क्वचितच कोणाला झाला असेल. त्यांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ अंक काढला. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कथाचित्रं यांचा त्यांनी अक्षरशः पाऊस पाडला. आमच्या आजीच्या पिढीला चित्रकार म्हणून जे एकच नाव सांगता येई ते दलालांचं. चित्रकलेच्या गंभीर चर्चेत मात्र ते बहुतेक वेळा दाराबाहेरच राहिले, कारण रेषेत गोडवा होता, चित्र लगेच कळत होतं आणि त्याचे पैसे मिळाले होते. तिन्ही गुन्हे एकाच माणसाच्या नावावर.

साहित्यात हे भांडण सर्वांत कडाक्याचं झालं ते ‘सत्यकथे’वरून. गिरगावातल्या खटाववाडीत मौजेचा छापखाना, तिथूनच हे मासिक निघे. १९३३मध्ये सुरू झालेली ‘सत्यकथा’ पुढे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाने ओळखली गेली. मर्ढेकर, गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी ही नावं त्या पानांशी जोडलेली आहेत. कथा पाठवली की ती छापून येई किंवा ‘साभार परत’ येई, आणि तिसरी शक्यता म्हणजे पत्र येई. शेवट घाईत झालाय, अमुक परिच्छेद कथेच्या बाहेरचा वाटतो, पुन्हा बघाल का? लेखक पुन्हा बघे, पुन्हा पाठवे. एकेका कथेचे दोन-तीन खर्डे होत. छपाईतही तोच कटाक्ष होता: मुद्रितशोधन नेटकं, समास पुरेसा, जुळणी डोळ्याला शांत वाटणारी.

हीच शांतता साठच्या दशकातल्या पोरांच्या डोक्यात गेली. १९६३मध्ये अशोक शहाणे यांनी मराठी वाङ्मयावर ‘क्ष-किरण’ टाकणारा लेख लिहून सगळ्या नामवंतांना एका दमात झोडपलं. त्याच्या आगेमागे ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘वाचा’ अशी अनियतकालिकं निघत होती. वेळेवर निघणार नाही हे नावातच कबूल करणारी. १९६९मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी खटाववाडीत ‘सत्यकथे’चा अंक जाळला. वाङ्मयीन मासिकाची होळी व्हावी एवढं ते मासिक कोणाला तरी महत्त्वाचं वाटत होतं, ही आजच्या संपादकांना हेवा वाटावा अशी गोष्ट आहे.

आरोप काय होता? तुमचा संस्कार म्हणजे एका वर्गाची, एका जातीची भाषा सगळ्यांवर फासणं. कथा घासूनपुसून घेताना तिच्यातली गल्ली, शिवी, वास निघून जातो. तीन वर्षांनी, १९७२मध्ये, ढाले, नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार दलित पॅंथरच्या स्थापनेत होते, हे लक्षात घेतलं की तो अंक जाळणं निव्वळ तरुण कवींचा वात्रटपणा राहत नाही. कोणाचं मराठी ‘साफ’ आणि कोणाचं ‘साफ करण्याजोगं’, हा प्रश्न खराच होता. त्याच मासिकाने माणदेशची बोली मानाने छापली हेही खरं. पण माणदेशी बोली कौतुकाने छापणं वेगळं आणि कामाठीपुऱ्यातल्या माणसाने स्वतःच्या अटींवर बोलणं वेगळं.

आता त्या अनियतकालिकांचं दिसणं. त्यातली बरीच चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली होती. टाइपरायटरची फीत बाजूला करून मेणकागदावर उघडे खिळे आपटायचे; अक्षराच्या आकाराचं मेण निघून जातं आणि त्या वाटेने शाई झिरपते. खिळा जोरात बसला तर ‘ठ’चं पोट फाटून पडतं आणि छपाईत तिथे नुसता काळा ठिपका येतो. चूक झाली तर वरून द्रव लावायचा, वाळेपर्यंत फुंकर घालायची. मग रूळ फिरवायचा. सुरुवातीच्या प्रती बरबटलेल्या, मधल्या बऱ्या, शेवटच्या पुसट. रद्दीवाल्याकडे सापडलेला असा एक कागद माझ्याकडे आहे; मागची शाई पुढे फुटलेली, आणि कवितेची एक ओळ बोटाच्या ठशाखाली गेलेली. तो ठसा मला अतिशय आवडतो. पण तो कोणी आवडावा म्हणून उमटवलेला नाही. पैसे नव्हते, बस्स. खरखरीतपणा ही तेव्हा भूमिका होण्याआधी अडचण होती, आणि मागाहून आपण त्या अडचणीलाच प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र करून टाकलं.

त्या मंडळींनी स्वतः तसं केलं नव्हतं, हे या कथेतलं मला सर्वांत आवडणारं वळण. ‘शब्द’शी जोडलेले कवी अरुण कोलटकर पोटासाठी काय करत होते? जाहिराती. जे. जे.मधून १९५७मध्ये पदविका घेतलेला हा माणूस जाहिरातक्षेत्रातला नावाजलेला कलादिग्दर्शक होता. त्या धंद्यातल्या कलाकारांच्या गिल्डचं पारितोषिक त्यांना सहा वेळा मिळालं. म्हणजे दिवसा शब्दशः कॉर्पोरेट. त्यांची इंग्रजी कवितांची ‘जेजुरी’ १९७६मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ने काढली. ती चार कवींनी मिळून चालवलेली प्रकाशनसंस्था, आणि तिच्या पुस्तकांची मांडणी कोलटकरांची. पुढच्याच वर्षी त्यांच्या मराठी कविता शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने छापल्या. क्ष-किरण टाकणारे हेच ते शहाणे. आणि प्रासची पुस्तकं कशी असत? एकेका काना-मात्रेवर नजर फिरलेली. कोलटकरांचा पुढचा मराठी संग्रह यायला २००३ उजाडलं. छापायला देणारं कोणी नव्हतं म्हणून नव्हे. हा माणूस घाईने काही हातावेगळं करत नसे.

म्हणजे गुळगुळीत मासिकाविरुद्ध उठलेल्यांच्या घरातही घासणं-पुसणं चालूच होतं, फक्त घासणारा हात स्वतःचा होता. आणि जिच्यावर ‘प्रस्थापित’ म्हणून राग होता ती ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली. तिच्यामागे भांडवलदार नव्हता, छापखाना चालवणारं एक घर होतं. तिच्याकडे सत्ता होती ती दाराची: कोण आत येणार आणि कोण नाही. माझ्या मते राग त्या दारावर होता आणि मार मुख्यतः खाल्ला तो सफाईने, कारण दार दिसत नाही, समास दिसतो.

र. कृ. जोशी यांचं उदाहरण याहून चक्रावणारं आहे. अक्षरांनी झपाटलेला हा सुलेखनकार वीसेक वर्षं ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत होता, नंतर आयआयटी मुंबईत शिकवत होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये देवनागरी आणली तेव्हा तिचा फॉंट त्यांच्याकडून आला. ‘मंगल’. बॅंकेची नोटीस, शासनाचं परिपत्रक, सोसायटीच्या जिन्यातली ‘पाणी जपून वापरा’ची चिठ्ठी, सगळं मंगलमध्ये. आज अक्षरमांडणी करणारी मुलं त्या फॉंटला सरकारी, कॉर्पोरेट म्हणून नाक मुरडतात. त्यामागचं काम मात्र एका माणसाने जोडाक्षर जोडाक्षर बघत केलेलं आहे. तेव्हाच्या पडद्यावर ठिपके मोजके, आणि त्या मोजक्या ठिपक्यांत ‘द्ध’ आणि ‘ध्द’ वेगळे दिसायला हवे होते.

इतकी वर्षं या भांडणाखाली एक गृहीत होतं: सफाईला खर्च येतो. रविवर्म्यांचे दगड, मौजेची जुळणी, जाहिरातसंस्थेतले पगारी हात. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे चकचकीतपणा, म्हणून चकचकीतपणावर राग काढणं म्हणजे पैशावर राग काढणं, हे समीकरण ढोबळ असलं तरी निराधार नव्हतं. ते आता पार उलटं झालंय. फोनमधलं ॲप अर्ध्या मिनिटात एकसारखे समास देतं, यंत्र मागाल तसं चित्र काढून देतं. सफाई फुकट झाली आणि ओबडधोबडपणाला भाव आला. मोठ्या साखळीच्या दुकानातला लाडूचा डबा बघा: खाकी कागद, सुतळी, खडूने लिहिल्यासारखी अक्षरं. ज्यांना ‘कॉर्पोरेट’ म्हणावं ते कधीच तिकडे सरकले आहेत.

त्या दिवशी आमच्या टेबलावर तिसरा नमुना बाद झाल्यावर पहिला निवडला गेला. त्यात शीर्षक ब्रशने ओढल्यासारखं होतं, कडा फाटलेल्या, शाई मध्येच सुकलेली. “यात कसा हात दिसतो,” असं सगळ्यांनी म्हटलं. छपाईला जाण्याआधी पान मोठं करून बघत होतो. मुखपृष्ठावर ‘अ’ पाच वेळा आला होता, आणि पाचही ‘अ’ची शाई नेमकी एकाच जागी सुकली होती. फॉंट उतरवून घेतलेला होता. बाद झालेल्या नमुन्यातली अक्षरं चित्रकाराने हाताने काढली होती.