करड्या माशांचा शौक कुठून आला?

नागपुरातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात शिरलं की दर्शनी टाक्यांत भडक रंगांची गर्दी दिसते. नारिंगी गोल्डफिश, कपाळावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न, निळ्या लाइटखाली चमकणारे टेट्रा. दोन इंचांच्या मातकट मासोळ्या असल्याच तर मागच्या टाकीत, आणि बहुतेकदा मोठ्या माशांचा चारा म्हणून. त्याच कुणी पाळायला मागितल्या तर दुकानदार हमखास विचारतो, "भाऊ, हे कायले नेता? याले तं काही रंगच नाई!"

पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न सहसा कुणाला पडला नसता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप गॉस याचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या घराघरांत काचेच्या टाक्या शिरल्या. जर्मनीत एमिल रोसमेस्लर याने 1856 मध्ये लेख लिहून लोकांना गोड्या पाण्यातलं जग घरात आणायची चटक लावली. त्या काळी टाकीत यायचं ते जवळच्या डबक्यात, ओढ्यात सापडलेलं. त्यातला लाडका मासा म्हणजे स्टिकलबॅक: बोटाएवढा, पाठीवर काटे, एरवी मळकट. विणीच्या दिवसांत नराचं पोट लाल होतं तेवढीच काय ती चैन. पण तो पाणवनस्पतींचे तुकडे जमवून घरटं बांधतो, मादीला नाचून बोलावतो, अंड्यांवर पहारा देतो. निको टिनबर्गन यांनी लहानपणी हे मासे पाळले आणि पुढे त्यांच्यावरच संशोधन केलं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी 1973 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत ते होते.

रंगाची हौस वेगळ्या वाटेने आली. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी करड्या-रुपेरी कार्प माशांमधले लालसर निघालेले वेगळे काढून वाढवले, त्यातून गोल्डफिश झाला. म्हणजे त्याचेही पूर्वज करडेच. युरोपात 1869 मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिये याने पूर्वेकडचा पट्टेरी पॅराडाइज फिश आणला. पुढे विजेचे हीटर आले, विमानवाहतूक आली, आणि ॲमेझॉन खोऱ्यातला निऑन टेट्रा (शास्त्रीय नोंद 1936) थंड देशांच्या दिवाणखान्यात पोचला. निसर्गातला रंग पुरेना तेव्हा बाजाराने तो तयार केला. काचेसारख्या पारदर्शक ग्लासफिशला सुईने रंग टोचून विकलं गेलं. हा मासा मूळचा आपल्याकडचा, याची जास्तच चीड येते. 2003 पासून अमेरिकेत जनुक बदललेले चमकणारे झेब्राफिश विकायला लागले. केरळच्या लालपट्टी डेनिसन बार्बची तर निर्यातीसाठी एवढी उपसणी झाली की तो संकटग्रस्त यादीत गेला.

मग हे लहान मासे करडे का? याचं चांगलं उत्तर गप्पीने दिलंय. त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर यांनी प्रयोग करून 1980 मध्ये दाखवलं, की शिकारी मासा सोबत असेल तर थोड्याच पिढ्यांत गप्पीच्या नरांवरचे ठिपके घटतात. शिकारी नसेल तर वाढतात. माद्या मात्र दोन्हीकडे राखाडीच. थोडक्यात, मळका रंग हे चिलखत आहे. महापालिका डेंग्यू-मलेरियासाठी टाक्यांत, विहिरींत सोडते तो गप्पी आणि दुकानातला झुबकेदार शेपटीचा गप्पी एकाच जातीचे. पहिल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

नागपूरकराला या माशांची ओढ लागायला हवामानही पुरेसं आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, हिवाळ्यात कधीकधी 10 च्या खाली. बाहेरून आलेल्या नाजूक माशांना इथे उन्हाळ्यात पंखा आणि थंडीत हीटर, आणि त्यात लाइट गेली की जीव टांगणीला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 च्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात नोंदवलेला झेब्राफिश निसर्गात 6 ते 38 अंशांपर्यंतच्या पाण्यात आढळतो. दंडवणीसारख्या आपल्याकडच्या चिवट मासोळ्याही असल्या चढउतारातच वाढलेल्या. तिची डोळ्यापासून शेपटीपर्यंत गेलेली काळी रेघ आठ-दहा जणींच्या थव्यात एकदम वळते, तेव्हा टाकी बघण्यासारखी होते.

माझी पसंती मात्र तळाच्या वाळूत राहणाऱ्या लोच माशाला. पहिले काही दिवस टाकी रिकामीच वाटते. मग वाळूत दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. पुढे बारीक मिशा हलत असतात. दाणा पडला की अख्खा मासा सळकन बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो आणि पुन्हा गडप. मधूनच पृष्ठभागावर झेपावून हवेचा घोट घेतो, कारण त्याला आतड्यातूनही श्वास घेता येतो.

दुकानदाराला हे परवडत नाही, हेही खरंच. ज्या माशाला भाव नाही त्याला टाकीतली जागा कोण देणार? त्यामुळे शौकीन माणूस तळ्यावरच्या ढिवरांकडे जातो. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर ही बारीक मासोळी पिढ्यानपिढ्या ताटात आहे. जाळ्यातून निवडून जिवंत बाजूला ठेवा म्हटलं की आधी हसतात, मग डब्यात पाणी भरून देतात. घरी आणल्यावर आठवडाभर वेगळ्या टबात ठेवावी लागते, कारण सोबत जळवा आणि माशांच्या अंगावरच्या उवाही येतात.