बालसाहित्यावर आधारित चित्रपट

मुलांसाठी लिहिलेल्या, किंवा मुलांनी आपल्याशा करून टाकलेल्या, पुस्तकावरून घेतलेला आणि घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा अशा बेताने काढलेला चित्रपट. निव्वळ ‘बालचित्रपट’ म्हणजे हा प्रकार नव्हे. बालचित्रपटाची गोष्ट थेट पडद्यासाठी लिहिलेली असू शकते. इथे प्रेक्षकांतल्या काहींना गोष्ट आधीच पाठ असते, आणि ज्याने ती वाचून दाखवली ते मोठे माणूसही शेजारच्याच खुर्चीत बसलेले असते.

व्याख्येतले ‘आपल्याशा करून टाकलेल्या’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. फेलिक्स साल्टनची ‘बांबी’ (१९२३) ही जर्मन कादंबरी मुख्यतः मोठ्या वाचकांसाठी होती. डिस्नेचा १९४२ चा चित्रपट आला आणि तेव्हापासून ते मुलांचे पुस्तक झाले. म्हणजे पुस्तकावरून चित्रपट होतो तसे कधी कधी चित्रपटामुळे पुस्तक बालविभागाच्या कपाटात जाते.

आरंभ

सिनेमा जेमतेम आठ वर्षांचा असताना, १९०३ साली, सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी इंग्लंडमध्ये लुईस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’वर (१८६५) छोटा मूकपट काढला. त्यातले पोशाख आणि प्रसंगांची मांडणी जॉन टेनियलने पुस्तकासाठी काढलेल्या चित्रांबरहुकूम होती. याला कारण आहे. मुलांच्या पुस्तकात पात्र कसे दिसते हे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि त्यात केलेला बदल सगळ्यांत आधी मुलांच्याच ध्यानात येतो. जर्मनीत एरिश केस्टनरच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ (१९२९) या कादंबरीवर १९३१ मध्ये बोलपट निघाला. त्याच्या पटकथेत पुढे हॉलिवुडमध्ये नावारूपाला आलेल्या बिली वाइल्डरचा हात होता.

या प्रकाराची खरी घडी बसवली ती ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ने (१९३९). एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथी या छोट्या नायिकेचे बूट चांदीचे आहेत. पडद्यावर ते माणकासारखे लाल झाले, कारण नव्या टेक्निकलर रंगांत लाल झगमगतो आणि चांदी फिकी पडते. डोरोथीच्या घरचा, कॅन्ससचा भाग तपकिरी छटेत आणि ती जिथे जाऊन पोचते त्या जादूच्या ऑझचा रंगीत, ही युक्ती आजही अंगावर काटा आणते. बॉमचे ऑझ मात्र खरोखरीचा प्रदेश आहे, तर चित्रपटात ते स्वप्न ठरते. पुस्तकाशी केलेली ही तडजोड मोठ्यांच्या समाधानासाठी असावी, कारण मुलांना असल्या खुलाशाची गरज नसते. हा चित्रपट घराघरांत पोचला तो दूरचित्रवाणीमुळे. अमेरिकेत तो १९५६ साली पहिल्यांदा आणि १९५९ पासून दरवर्षी दाखवला जाऊ लागला, आणि ‘कुटुंबाने मिळून पाहण्याचा चित्रपट’ या कल्पनेला वर्षातला एक ठरलेला दिवस मिळाला.

सांगणाऱ्याचा आवाज

कादंबरीचा चित्रपट करताना काय गाळायचे हा प्रश्न असतो. मुलांच्या पुस्तकाच्या बाबतीत पेच थोडा वेगळा आहे. ही पुस्तके मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेली असतात. मधेच थांबून ‘आता पुढे काय झालं असेल?’ म्हणणारा, पात्रांची खोडी काढणारा, भीती वाटू लागली की आवाज मऊ करणारा एक निवेदक त्यांत असतो. पडद्यावर प्रसंग दिसू लागले की त्याचे काम संपते आणि पुस्तकाची निम्मी गंमत त्याच्याबरोबर जाते. त्याच्या जागी काय बसवायचे, यावर या चित्रपटांचे बरेच बरेवाईट ठरते.

कार्लो कोलोदीच्या ‘पिनोकिओ’त (१८८३) उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकिओ सुरुवातीलाच हातोडा फेकून मारतो. डिस्नेने १९४० मध्ये त्याच रातकिड्याला जिवंत ठेवले, टोपी-छत्री दिली आणि गोष्ट सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. लेखकाचा मिस्कील, थोडा निर्दय सूर गेला, त्याजागी एक प्रेमळ मामा आला. याहून चतुर उत्तर त्याच कंपनीच्या ‘विनी द पू’मध्ये आहे. ए. ए. मिल्नच्या १९२६ च्या पुस्तकावरून केलेल्या या पटांत निवेदक पात्रांशी बोलतो, पात्रे छापील पानांवरून चालतात आणि वाऱ्याने ओळींतली अक्षरे उडतात. सोव्हिएत रशियात फ्योदोर खित्रुक यांनी १९६९ पासून केलेल्या ‘पू’च्या लघुपटांत अस्वलाचा मालक क्रिस्टोफर रॉबिन काढूनच टाकला आणि पार्श्वभूमी मुलाने रंगपेटीने रंगवावी तशी ठेवली. तिथे चित्राची रेषाच निवेदक झाली. ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये (१९८७) आजोबा आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखवतात, नातू मधेमधे तक्रारी करतो आणि गोष्ट थांबते. वाचून दाखवण्याची क्रियाच चित्रपटात घेतल्याचे इतके चपखल उदाहरण दुसरे सापडणे अवघड.

दुसरा सर्रास वापरला जाणारा पर्याय म्हणजे गाणे. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला (१८९४) निवेदक गंभीर आहे, त्याला कायद्याची आणि शिस्तीची ओढ आहे. १९६७ च्या डिस्नेपटाने ती शिस्त गुंडाळून ठेवली आणि अस्वलाला नाचायला लावले. किपलिंगच्या माकडांना राजाच नाही, त्यांच्यावर टीका आहे ती नेमकी याचसाठी. चित्रपटात त्यांना गाणारा राजा मिळाला. मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा ‘का’ नावाचा अजगर मात्र खलनायक झाला. पुस्तक वाचलेल्यांना हे खटकते आणि गाणी तरीही तोंडातून जात नाहीत.

लांबी आणि घाट

बालसाहित्यातली बरीच पुस्तके सुट्या प्रसंगांची माळ असतात, कारण रोज झोपताना एक प्रकरण वाचायचे असते. दीड-दोन तासांच्या चित्रपटाला मात्र चढत जाणारे कथानक लागते. एइको कादोनो यांच्या ‘किकी’त (१९८५) छोटी चेटकीण वर्षभर घरोघर सामान पोचवते आणि प्रत्येक प्रकरणात नवे गिऱ्हाईक भेटते. हायाओ मियाझाकींनी १९८९ मध्ये तिची उडण्याची शक्ती जाते असे दाखवले आणि शेवटी हवाई जहाजाचा अपघात घातला.

उलटी अडचण चित्रपुस्तकांची. मॉरिस सेंडाकच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये (१९६३) अवघी १० वाक्ये आहेत. स्पाइक जोन्झने २००९ मध्ये त्यावर शंभर मिनिटांचा चित्रपट केला. पुस्तकात पाच मिनिटांत उतरणारा छोट्या नायकाचा राग ताणल्यावर त्याची उदासी झाली, आणि हा चित्रपट मुलांचा की मुलांविषयीचा असा वाद झाला. ‘श्रेक’ (२००१) आणि ‘जुमांजी’ (१९९५) यांनी मूळ चित्रपुस्तकातली कल्पना तेवढी उचलली आणि बाकी सगळे नवे रचले.

शेवट

कुटुंबासाठीच्या चित्रपटात सर्वाधिक हाणामारी शेवटावरून होते. रोआल्ड डालच्या ‘द विचेस’मध्ये (१९८३) नायक उंदीर होतो आणि उंदीरच राहतो. उंदराचे आयुष्य थोडे आणि आजीचेही आता थोडेच उरले आहे, तेव्हा दोघे साधारण बरोबरच जाणार, याचे त्याला समाधान वाटते. मुलांच्या पुस्तकातले इतके धीट पान क्वचितच कुणी लिहिले असेल. १९९० च्या चित्रपटात त्याला पुन्हा माणूस केले, आणि डालला ते मुळीच रुचले नाही. २०२० च्या नव्या चित्रपटाने उंदीर उंदीरच ठेवला. ई. बी. व्हाइटच्या ‘शार्लट्स वेब’वर (१९५२) दोनदा, १९७३ आणि २००६ मध्ये, चित्रपट निघाले. दोन्हींत कोळीण मरते. पोरे रडतात हे खरे, पण चित्रपट पडायचे कारण ते नसते.

लेखकांची नाराजी

पी. एल. ट्रॅव्हर्सकडून ‘मेरी पॉपिन्स’चे (१९३४) हक्क मिळवायला वॉल्ट डिस्नेला सुमारे वीस वर्षे लागली. १९६४ च्या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, तरी त्यातला अ‍ॅनिमेशनचा भाग तिला शेवटपर्यंत पटला नाही. तिची मेरी फटकळ आणि आत्मप्रौढ होती, पडद्यावरची गोड निघाली. डालने आपल्याच पुस्तकावरून निघालेल्या १९७१ च्या ‘विली वोंका’वरही नाक मुरडले होते. मिखाएल एंडे तर ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’च्या (१९८४) निर्मात्यांविरुद्ध न्यायालयात गेला आणि हरला. त्या चित्रपटात कादंबरीचा फक्त पहिला अर्धा भाग आहे. याउलट तेत्सुको कुरोयानागी यांनी ‘तोत्तोचान’ (१९८१) कितीतरी वर्षे कुणाला देऊच केले नाही. २०२३ मध्ये अखेर त्यावर अ‍ॅनिमेशनपट आला, तेव्हा निवेदनाचा आवाज त्यांनी स्वतःच दिला.

भारतीय भाषांत

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची रचनाच सांगण्याची आहे. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र, आणि श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. आईच्या भूमिकेत वनमाला होत्या आणि छोटा श्याम माधव वझे यांनी केला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. ‘भरजरी गं पितांबर’ आणि ‘छडी लागे छमछम’ ही अत्र्यांची गाणी आज अनेकांना पुस्तकाइतकीच मूळची वाटतात.

सत्यजित राय यांनी ‘गूपी गाइन बाघा बाइन’साठी (१९६९) आजोबा उपेंद्रकिशोर यांची कथा घेतली. लहान मुलांसाठी काहीतरी कर, असा मुलगा संदीप याचा लकडा मागे होता. चित्रपट कृष्णधवल असून फक्त शेवट रंगीत आहे, आणि सहा-एक मिनिटांचा भुतांचा नाच पाहताना मोठेही खुर्चीत पुढे सरकतात. विशाल भारद्वाजच्या ‘द ब्लू अम्ब्रेला’त (२००५) रस्किन बाँडची छत्रीची छोटी गोष्ट हळूहळू हावरट दुकानदाराची होत जाते. दुकानदार झालेल्या पंकज कपूर यांच्यामुळे ते क्षम्यही ठरते.

मराठीत या प्रकाराची परंपरा लांबलचक नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या चित्रपटापेक्षा दूरदर्शनच्या मालिकेत रमला. फास्टर फेणेही आधी मालिकेत आला आणि मोठ्या पडद्यावर पोचला तो २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली. भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश फेणे तिथे तरुण झाला आहे, आणि ज्यांनी त्याला शाळकरीच ओळखले त्यांनी कुरकुरही केली. पण त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत होऊन वावरतात. २०२३ च्या सुजय डहाके दिग्दर्शित ‘श्यामची आई’तही श्यामबरोबर लिहिते साने गुरुजी दिसतात. पुस्तकात फक्त आवाजाने हजर असलेला माणूस या दोन्ही चित्रपटांत चालताबोलता समोर येतो.