जिभेला परवडणारी वाइन

चहाची पूड पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं खळखळून उकळा, दूध-साखर न घालता गाळा आणि कोमट झाल्यावर एक घोट तोंडात घोळवा. जीभ टाळ्याला चिकटते, गाल आतून आखडतात. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला आणि पुन्हा घोट घ्या. तुरटपणा बराचसा पळालेला असतो.

झालेलं असं की, चहातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटली. ही प्रथिनं तोंडाला वंगण पुरवतात. त्यांचा साका झाला की तोंड कोरडं, खरखरीत लागतं. म्हणजे तुरटपणा ही निव्वळ चव नाही, त्यात स्पर्शाचा मोठा भाग आहे. दूध घातल्यावर टॅनिनांना केसीन हे दुसरं प्रथिन आयतं मिळतं आणि लाळेतली प्रथिनं वाचतात.

रेड वाइनमध्ये हेच घडतं. टॅनिन असतं द्राक्षाच्या सालीत आणि बियांत. रेड वाइन सालींसकट आंबवतात म्हणून ते उतरतं. व्हाइटसाठी रस आधीच काढून घेतात, म्हणून तिच्यात ते नावापुरतं असतं. "वाइन आपल्याला मानवत नाही" असं म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा काय दिलं होतं ते विचारून पाहा. बहुतेकदा कॅबरने सोव्हिनियोंसारखी तुरट रेड निघते, आणि सोबत झणझणीत मटण. या जोडीत वाइनवर अन्यायच होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) डिवचतं, ती खरं तर उष्णतेची खबर देणारी ग्राही. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती शोधली. या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अल्कोहोल हीच ग्राही आणखी हळवी करतं. त्यामुळे तिखटावर १४ टक्के अल्कोहोलची रेड म्हणजे आगीत तेल. तिथे थंडगार, किंचित गोड, कमी अल्कोहोलची व्हाइट हवी.

सांगायचा मुद्दा असा की, "स्वस्तात चांगली वाइन कोणती?" हा प्रश्न अर्धवट आहे. किती तुरट, किती आंबट, किती गोड तुम्हाला चालतं, हे आधी ठरलं की दुकानातल्या निम्म्या बाटल्या आपोआप बाद होतात, आणि उरलेल्यांत परवडणाऱ्या बऱ्याच असतात. कोरा चहा, जांभळं, आवळा मजेत खाणाऱ्याने तुरट रेड जरूर घ्यावी. बाकीच्यांनी मुकाट्याने व्हाइट किंवा गुलाबी रोझेपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा कसला?

गोडाचं थोडं फसवं असतं. लिंबू-सरबतासारखंच इथे आंबट आणि गोड एकमेकांना झाकतात. नाशिकच्या अनेक शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवतात, पण या द्राक्षाचा आंबटपणा एवढा असतो की ती गोड न वाटता गोलसर वाटते. नवख्याला मी हीच सुचवेन. लेबलावरचा 'ड्राय' म्हणजे बहुतेक साखर यीस्टने खाऊन टाकली आहे. फक्त फेसाळ वाइनच्या बाबतीत सांभाळा: युरोपीय नियमांनुसार 'ब्रूट'मध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते आणि 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७ ग्रॅम. नाव जास्त कोरडं, वाइन जास्त गोड! हे कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे.

जिभेचं काम इथे संपतं, पुढचं सगळं नाकाचं. सोव्हिनियों ब्लाँ ही व्हाइट ग्लासात ओतली की पिकल्या पेरूचा वास येतो, तो कल्पनेचा खेळ नसतो. पेरू आणि पॅशन फ्रूटच्या वासाची आठवण करून देणारी गंधकयुक्त संयुगं या वाइनमध्ये खरोखरच असतात, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढीशी मात्राही नाकाला पुरते. शिराझ या रेडची गोष्ट आणखी मजेदार. तिला काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं: रोटंडोन नावाचं संयुग, जे मिरीतही असतं. पण त्यांच्या वास घेणाऱ्या गटातल्या साधारण दर पाचातल्या एकाला ते चाचणीतल्या सर्वांत जास्त मात्रेलाही जाणवेना. तेव्हा शेजारचा माणूस मिरीचं कौतुक करतोय आणि तुम्हाला काहीच कळत नाहीये, तर दोघंही खरं बोलत असू शकता. मग त्या मिरीसाठी जादा पैसे का मोजायचे?

आता किमतीकडे वळू. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाइन पाजली. ५ डॉलरची वाइन एकदा खऱ्या किमतीने आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितलेली जास्त आवडली, आणि सुखाच्या अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढली. माणसं थापा मारत नव्हती. किमतीने त्यांचा अनुभवच बदलला होता. किंमत झाकली की चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेतल्या ६ हजारांहून अधिक चाखण्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रशिक्षण नसलेल्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडलेली आढळली. आणि परीक्षक? कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत वाइन-उत्पादक रॉबर्ट हॉजसन यांनी एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे गुपचूप तीनदा ठेवली. आपल्या गुणांशी ठाम राहिलेले परीक्षक दहात जेमतेम एक. तेव्हा बाटलीवर चिकटवलेली सुवर्णपदकं पाहून हात पुढे करू नका.

याचा अर्थ जास्तीचे पैसे पाण्यात जातात असा नाही. काही वाइन ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात: फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या एका पिंपात ३०० बाटल्यांएवढी वाइन मावते, पिंपाला शेकडो युरो पडतात आणि तीन-चार वर्षांत त्याचा गंध उतरतो. तो व्हॅनिलासारखा, लाकडी वास तुम्हाला आवडत असेल तर पैसे वसूल. नसेल आवडत, तर स्टीलच्या टाकीतली ताजी वाइन तुम्हाला स्वस्तही पडेल आणि रुचेलही. परदेशी बाटलीचं मात्र नीट पाहा. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. काही देशांशी झालेल्या करारांनी ते आता कुठे उतरू लागलंय. त्यामुळे आपल्याकडे महाग दिसणारी बाटली तिच्या देशात अगदी साधी असू शकते. तेवढ्याच पैशांत नाशिकची वरच्या दर्जाची वाइन येते.

नाशिकला द्राक्षवेलीची दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे युरोपात वेली थंडीत झोपलेल्या असतात तेव्हा, जानेवारी ते मार्चमध्ये, इथे तोडणी चालते. स्वस्त व्हाइट ताजीच प्यायची असते, म्हणून लेबलावरचं सर्वांत अलीकडचं साल घ्या. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी नको. आणि रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या १६-१८ अंशांच्या खोल्यांचा आहे. मे महिन्यात तीच वाइन आपल्याकडे नुसती अल्कोहोलचा भपका देते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की ३० अंशांवर भडक वाटलेली बाटली चक्क शहाण्यासारखी वागते.

आपल्याला खरंच फरक कळतो का, हे तपासायचं असेल तर अन्नउद्योगात वापरतात ती त्रिकोणी चाचणी घरी करता येते. एकाच जातीच्या दोन वाइन घ्या, एक स्वस्त, एक महाग. दुसऱ्या कोणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगा: दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. निव्वळ नशिबानेही तिनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून हे पाच-सहा फेऱ्या करावं लागतं. घोट अगदी लहान घ्या, नाहीतर शेवटच्या फेरीचा निकाल धरता येणार नाही. वाइन सौम्य असते हा समजही इथेच सोडून द्या: १२.५ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर ग्लासात सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १३. आणि यकृताला बाटलीची किंमत कळत नाही.

चाचणीत फरक कळलाच नाही, तर पुढच्या वेळी बिनदिक्कत स्वस्त बाटली आणा. उरलेली वाइन, रेड असो की व्हाइट, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते.