बंदुकीच्या दस्त्यांवरील जुनी डागडुजी व नक्षी (कोल्हापूर परिसर)

शिकारीच्या जुन्या एकनळी व दुनळी छऱ्याच्या बंदुकांच्या लाकडी दस्त्यांवर मूळ कारागिरानंतर इतरांनी केलेल्या दुरुस्त्या, जोड आणि अलंकरण यांचा या नोंदीत विचार केला आहे. एखादी तार, पत्रा किंवा खिळ्यांची ओळ मोडलेले लाकूड धरून ठेवण्यासाठी बसवली की शोभेसाठी, आणि साधारण केव्हा बसवली, हा यातील मुख्य प्रश्न होय. नळीवर व यंत्रणेवर निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि चाचणीचे शिक्के असतात. दस्त्यावर असा पुरावा क्वचितच असतो. शिवाय नळीवरील शिक्क्यावरून दस्त्याच्या दुरुस्तीचा काळ ठरत नाही, कारण बंदुकीचे लाकूड एकापेक्षा अधिक वेळा बदललेले असू शकते.

कोल्हापूर संस्थानात शिकारीची परंपरा राजाश्रयाने वाढली. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) स्वतः निष्णात शिकारी होते. राधानगरीजवळचे दाजीपूरचे जंगल संस्थानकाळात राखीव शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. नवीन राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे व शिकारीची स्मृतिचिन्हे पाहावयास मिळतात. याखेरीज जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांत रानडुकरे व गवे यांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर साध्या बंदुका बाळगल्या जात, आणि डागडुजीचा विषय या बंदुकांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण राजवाड्यातील बंदुकीला नवा दस्ता मागवता येई, शेतकऱ्याच्या बंदुकीला गावातला सुतार किंवा लोहारच पुरा पडे.

दस्ता बहुधा मुठीत, म्हणजे चापामागील निमुळत्या भागात मोडतो. यंत्रणेची शेपटी (तिच्या मागे लाकडात बसणारी लोखंडी पट्टी), चापाचे भाग आणि स्क्रू बसवण्यासाठी तेथील लाकूड आतून कोरून काढलेले असते. त्यातच लाकडाच्या रेषा मुठीच्या वळणाबरोबर न जाता तिरप्या बाहेर पडल्या, तर बंदूक हातातून निसटून पडताच तेथे भेग जाते. दुसरे कारण अधिक संथ आहे. पावसाळ्यात फुगलेले व उन्हाळ्यात आकसलेले लाकूड यंत्रणेला सर्वत्र सारखे टेकत नाही, आणि प्रत्येक बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने लोखंडी शेपटी पाचरीसारखी आत शिरते. तिसरे कारण तेल हे आहे. बंदूक नळी वर करून उभी ठेवण्याच्या सवयीमुळे यंत्रणेतील तेल वर्षानुवर्षे दस्त्यात झिरपते, लाकूड काळे व मऊ पडते, आणि अशा लाकडाला सरस (कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) धरत नाही. पुढील वादाच्या दृष्टीने ही शेवटची बाब निर्णायक आहे.

मुठीभोवती तांब्याची वा पितळेची तार घट्ट गुंडाळणे, पितळी पत्र्याची नळकांडी बसवणे किंवा ओले कच्चे कातडे शिवून ते वाळताना आवळू देणे, असे मोडलेली मूठ बाहेरून धरून ठेवणाऱ्या बांधणीचे तीन प्रकार आहेत. तिच्या उगमाची उपपत्ती दोन प्रकारे लावली जाते. पहिल्या मतानुसार ही पद्धत जामगीच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवणाऱ्या तोडेदार बंदुकीपासून आली. भारतीय तोडेदार बंदुकीत नळी आणि लाकूड तारेच्या, पत्र्याच्या किंवा कातड्याच्या बंधांनी एकत्र बांधलेले असत, व ती कला अवगत असलेल्या कारागिरांनी काडतुसाच्या बंदुकीलाही तोच उपाय केला. दुसऱ्या मतानुसार ती पलटणीतील शस्त्रदुरुस्तीच्या कामातून गावात उतरली. पहिल्या मताच्या बाजूने साहित्य व हातोटी यांचे साम्य आहे. मात्र तोडेदार बंदुकीचे बंध पुढे, नळीवर असतात. मुठीवर बंध देण्याचे कारण त्या घडणीत सापडत नाही. म्हणून हातोटी जुनी आणि जागा नव्या गरजेने ठरलेली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बंदुकांवरही ओल्या कातड्याचे बंध व पितळी खिळे आढळतात. तेव्हा सरस न धरणाऱ्या लाकडावर हा उपाय निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला असणे शक्य आहे. कातड्याचा बंध दमट हवेत सैल पडतो, त्यामुळे गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात तार व पत्रा अधिक उपयुक्त ठरावेत, हे ओघाने येते.

पितळी खिळ्यांच्या बाबतीत लाकडाच्या रेषा हाच सर्वांत विश्वसनीय निकष आहे. एकाच रेषेवर ओळीने ठोकलेले खिळे लाकूड फाडतात, हे कोणत्याही सुताराला ठाऊक असते. त्यामुळे एकाआड एक, खालीवर ठोकलेले खिळे जाणत्या हाताचे, तर रेषेबरोबर सरळ जाणारी आणि पुढे तेथेच तडकलेली ओळ हौशी मालकाची समजावी. पत्र्याच्या कडेचे खिळे पत्रा धरण्यासाठी असतात. पण त्यांची रांग पत्र्यापलीकडे फुलाच्या आकारात वाढलेली असेल, तर एकाच वस्तूत दुरुस्ती आणि नक्षी दोन्ही आहेत असे म्हणावे लागते. अशी मिश्र उदाहरणे उपेक्षित राहिली आहेत, कारण संग्राहक मूळ रूपाला किंमत देतात व अशा खिळ्यांना खोडी मानून काढून टाकतात. ही हानी भरून येत नाही. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेत दस्त्याला हळदकुंकू लावतात. मुठीवरील जाळीदार खाचांत व भेगांत त्याचे थर साचतात. बंधाखालीही कुंकू आढळले, तर ती भेग बांधण्यापूर्वी काही काळ उघडी होती असा अंदाज बांधता येतो.

कालनिर्णय बहुधा ‘याच्या नंतरचा’ एवढाच करता येतो. टोकदार यंत्रनिर्मित लाकूडस्क्रू सुमारे १८५० नंतर प्रचारात आले. त्यापूर्वीच्या स्क्रूंची टोके बोथट असत. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीचा नसतो. दस्त्यात जडवलेला पंचम जॉर्जचा रुपया १९११ नंतरचे काम दर्शवतो. परंतु घरात जपलेले नाणे पुष्कळ उशिराही जडवले जाऊ शकते, म्हणून त्यावरून वरची मर्यादा काढू नये. गरम पाण्याने सुटणारा सरस जुन्या पद्धतीचा असतो, मात्र तो आजही वापरात असल्याने हा पुरावा दुबळा आहे. इपॉक्सी डिंक दुसऱ्या महायुद्धानंतरचा होय.

विलायती दस्ते अक्रोडाचे असतात. त्यांना लावलेले ठिगळ शिसवीचे असल्यास रंग जुळतो, पण शिसव अक्रोडापेक्षा जड असल्याने बंदुकीचा तोल मागे सरकतो. खांद्याकडील टोकाला जोडलेला तुकडा बहुधा नव्या मालकाच्या हाताच्या लांबीसाठी असतो. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

दस्ता तपासताना बंध सोडण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि काळवंडलेले लाकूड घासून उजळवू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो, त्यामुळे असे काम परवानाधारक दुकानातच करून घ्यावे लागते.