लाइट गेल्यावरची दोन मिनिटं

आमच्या घरच्या सर्व्हरवर पंधरा वर्षांचे फोटो आहेत. त्यामुळे वळवाचा पहिला गडगडाट झाला की माझं लक्ष आधी त्याच्याकडे जातं.

लाइट गेली की हार्ड डिस्क बिघडते, असं अनेकांना वाटतं. सहसा तसं होत नाही. तबकडी गरगरत असतेच. त्या फिरण्यातून मिळालेल्या विजेवर डिस्क आपलं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, सुरक्षित जागी नेऊन ठेवते. खरा धोका अर्धवट राहिलेल्या लिखाणाचा. फाइल सेव्ह केली तरी लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) ती आधी रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, ठेवतो, आणि डिस्कवर उतरायला तिला ३० सेकंदही लागू शकतात. तेवढ्यात वीज गेली तर रॅम कोरी. फाइल सिस्टिमची जर्नल, म्हणजे तिची रोजकीर्द, मांडणी सावरून घेते. न उतरलेला मजकूर मात्र गेला तो गेलाच.

म्हणून यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर लगेच वीज पुरवणारा बॅटरीचा डबा. त्यावर तासभर काम रेटायचं नाही, सर्व्हर नीट बंद होण्यापुरता वेळ मिळवायचा. लहान यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॉट-अवरची असते, पण तो हिशोब २० तास सावकाश वापरण्याचा. भराभर ओढली तर बरंच कमी हाती लागतं.

खरेदी करताना मागे यूएसबी पोर्ट आहे का, ते बघाच. केबल जोडली की ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ (नट) हे मोफत सॉफ्टवेअर यूपीएसची स्थिती वाचतं: लाइट असताना ‘ओएल’, बॅटरीवर ‘ओबी’, बॅटरी संपत आली की ‘एलबी’. ‘ओबी’ आणि ‘एलबी’ दोन्ही दिसले की नट सर्व्हर बंद करायला घेतं. पण जुनी बॅटरी ‘एलबी’ दाखवते न दाखवते तोच मान टाकते. म्हणून मी टायमर लावला आहे: दोन मिनिटांत लाइट आली नाही, तर बंद. मधेच आली तर टायमर रद्द.

यूएसबी नसेल किंवा घर इन्व्हर्टरवर असेल, तर एक जुना राउटर इन्व्हर्टरची लाइन नसलेल्या सॉकेटला लावून नेटवर्कला जोडा. सर्व्हरने त्याला दर मिनिटाला पिंग करायचं, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ असं विचारायचं. सलग काही वेळा उत्तर आलं नाही, तर लाइट गेली असं धरायचं.

एक खोच मात्र हमखास राहून जाते. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ‘वीज परत आल्यावर चालू हो’ ही सोय असते, पण त्यासाठी वीज खरोखर जावी लागते. सर्व्हर बंद होत असतानाच लाइट आली, तर यूपीएसचा पुरवठा तुटतच नाही आणि सर्व्हर निपचित पडून राहतो. यावर नटचा उपाय असा: एकदा बंद करायचं ठरलं की लाइट आली तरी यूपीएसने पुरवठा थोडा वेळ तोडायचा, मग पुन्हा द्यायचा.

हे सगळं लावल्यावर चाचणी घ्याच. प्लग उपसू नका, बोर्डावरचं बटण बंद करा; म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. मी मोठी फाइल कॉपी होत असताना बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. टायमर संपल्यापासून डिस्कचा आवाज थांबेपर्यंत ४८ सेकंद लागले.