पिंपाचा स्मोकर

पिंपाचा स्मोकर : मांस, मासे किंवा कोंबडी मंद आचेवर धुरात शिजवण्यासाठी भंगारातल्या पोलादी पिंपापासून घरच्या घरी बनवलेली उभी भट्टी. तळाशी कोळशाची टोपली, वरच्या अंगाला जाळी आणि त्यावर घट्ट झाकण. हवा खालच्या भोकांतून आत येते, धूर झाकणातून बाहेर पडतो. आतले तापमान साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सियस राखतात. एवढ्या कमी आचेवर डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा शिजायला आठ-दहा तास लागतात; तेवढ्या वेळात स्नायूंना धरून ठेवणाऱ्या चिवट कोलॅजनचे जिलेटिन होते आणि मांस बोटांनी सुटते. उभ्या पिंपाची ही तऱ्हा अमेरिकेतली. जमैकात जर्क चिकनसाठी तेच पिंप लांबीत चिरून आडवे ठेवतात. गोव्याची धुराशी ओळख अर्थात जुनी आहे : मीठ, व्हिनेगर आणि मिरची लावलेले डुकराचे मांस भरून केलेले चोरीस, म्हणजे सॉसेज, उन्हात वाळवतात, आणि चुलीवर टांगून त्यांना धूर देण्याचीही रीत आहे.

या भट्टीचे बरेवाईट वेल्डिंगच्या आधी, भंगारअड्ड्यावरच ठरते. पिंपात पूर्वी काय भरलेले होते, हा पहिला प्रश्न, आणि त्याचे पक्के उत्तर मिळत नसेल तर ते पिंप तिथेच सोडून यावे. गोव्यातल्या वेर्णेसारख्या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. तिथे द्रावके आणि रसायने पिंपांतून येतात. असे पिंप बाहेरून कितीही नवेकोरे दिसले, तरी अन्नासाठी ते कामाचे नाही. कीटकनाशकाच्या पिंपाबद्दल तर बोलायलाच नको. खाद्यतेलाचे पिंप चांगले. त्याहून उत्तम म्हणजे आंब्याचा गर निर्जंतुक पिशवीत भरून ज्यातून पाठवतात ते पिंप, कारण गर पिशवीतच राहतो आणि पोलादाला काही लागत नाही. शिवाय त्याला वर पूर्ण उघडणारे झाकण आणि आवळायची रिंग असते, म्हणजे कापाकापीचा अर्धा व्याप वाचतो. मोबाइलचा टॉर्च आत धरून पाहावे. करडे, उघडे पोलाद दिसले तर काम सोपे. पिवळसर किंवा विटकरी चकचकीत लेप दिसला तर तो इपॉक्सीचा असू शकतो आणि जाळून घालवायला फार कष्ट पडतात.

पिंपाखेरीज इतर भंगारही मोहात पाडते. २०१२ च्या खाणबंदीनंतर आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले खनिज वाहणारे टिपर ट्रक आणि मांडवी-जुवारी नद्यांवरचे बार्ज उभे राहिले. बार्जचा जाड पत्रा भट्टीसाठी आदर्श वाटतो, कारण तो उष्णता धरतो. पण पाण्यात राहणाऱ्या लोखंडावर शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग देतात. ट्रायब्युटिल टिन असलेल्या अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या पत्र्यावर तो रंग असण्याची शक्यता धरूनच चालावे. जुन्या रंगांत शिसेही असते. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतलेले आणि दशकभराहून अधिक काळ तिथे गंजत राहिलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज गोमंतकीयांना चांगले आठवते. तशा जहाजाचे लोखंड वितळवून पुन्हा पोलाद करायला ठीक, पण त्यावर थेट अन्न शिजवू नये. जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पाइप आणि साखळ्याही टाळाव्यात. त्यांवरचे जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. जुन्या फ्रिजच्या जाळीवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, म्हणून ती मांसाखाली नको. घरगुती गॅसचा सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. भंगारात दिसला तरी घेऊ नये, कापू तर नयेच. या सगळ्यात एक वस्तू मात्र हमखास उचलावी : बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा स्टेनलेसचा ड्रम. प्लॅस्टिक आणि रबर काढून टाकले की भोकाभोकांची तयार कोळशाची टोपली मिळते.

पिंप कापताना जिवावर बेतू शकते. रिकाम्या पिंपात तेलाची किंवा द्रावकाची वाफ कोंडलेली असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून दोन्ही बुचे काढून, साबणाच्या गरम पाण्याने खंगाळून, पिंप काठोकाठ पाण्याने भरून ठेवावे. कापण्याच्या रेषेपर्यंतच पाणी उतरवून मग कटर लावावा. गॅस कटर तर वापरूच नये. ओल्या पिंपाजवळ विजेचा ग्राइंडर चालवायचा असल्याने पायांत कोरडे बूट आणि लाइनवर ट्रिप होणारा स्विच हवाच.

त्यानंतर पिंप जाळून घ्यायचे. आत लाकडाचा मोठा जाळ करून तो तास-दोन तास पेटता ठेवतात. बाहेरचा रंग आधी फुगतो, मग काळा पडून पापुद्रे सुटतात, शेवटी पांढरट राख होऊन झडतो. हा धूर घातक असतो, त्यामुळे वाड्यातल्या घरांपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून आणि फेब्रुवारी-मार्चचे वाळके गवत आसपास नसेल तिथेच हे काम करावे. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासून पांढऱ्या फडक्याने आतून पुसावे. फडक्यावर नुसती काजळी आली तर ठीक. चिकट पिवळा डाग आला तर पुन्हा जाळावे लागते. घासलेल्या उघड्या पोलादावर गोव्याच्या दमट हवेत रातोरात तांबूस थर चढतो, म्हणून तेल त्याच दिवशी लावायचे. इथे हाताशी खोबरेल असते, पण ते लोखंडावर टिकाऊ थर धरत नाही. जवसाचे तेल सुकून घट्ट होते. त्याचा पातळ हात फिरवून पिंप तापवावे, आणि असे दोन-तीनदा करावे. बाहेरून उष्णतारोधक काळा रंग चालतो, आतून कोणताही नाही.

मापे फार काटेकोर नसतात. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंमी आणि उंची ८८ सेंमी. तळापासून ५ सेंमीवर सुमारे २० मिमी व्यासाची चार भोके, एकावर झडप आणि बाकीच्यांवर टोपणे. टोपली ३५ सेंमी व्यासाची, राख खाली पडावी म्हणून ७-८ सेंमी उंच पायांवर. जाळी टोपलीच्या तळापासून सुमारे ६० सेंमीवर, झाकणावर ५० मिमीची धुरनळी. पिंपाचा पत्रा जेमतेम एक-सव्वा मिमी जाड असतो, आर्क वेल्डिंगने त्याला भोकच पडते. म्हणून जाळीचे टेकू आणि मुठी नटबोल्टने बसवणे शहाणपणाचे. थर्मामीटर लावण्याआधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. किनारपट्टीवर त्याने १०० अंश दाखवलेच पाहिजेत.

खरे कौशल्य आग आटोक्यात ठेवण्यात आहे. चार-पाच किलो न पेटवलेल्या कोळशावर मूठभर पेटते निखारे टाकले की विस्तव सावकाश खाली सरकतो. आच खालच्या हवेने ठरते, कोळशाच्या ढिगाने नाही. म्हणूनच सारखे झाकण उघडून पाहणाऱ्याचे मांस करपते : झाकण उघडले की काटा क्षणभर खाली येतो, पण आत भसकन हवा शिरून कोळसा भडकतो. धूर विरळ, निळसर असावा. दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळणारे लाकूड, आणि त्याची कडवट चव मांसात उतरते. लाकडाचे तुकडे मूठभरच, आणि तेही सावलीत पूर्ण वाळलेले. पेरू, चिकू, जांभूळ यांच्या छाटणीतल्या फांद्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, सहज मिळतात. चांगले उभे झाड यासाठी पाडू नये, आणि १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार गोव्यात झाड तोडायला परवानगी लागते. काजूचे लाकूड साल काढून वापरता येते, पण काजूबियांची टरफले कधीही आत टाकू नयेत. त्यांतले तेल त्वचेला भाजून काढणारे असते आणि धूरही झोंबतो. रंगवलेल्या होडीच्या फळ्या, प्लायवूड यांनाही इथे जागा नाही.

इसवण (सुरमई) किंवा बांगडा तासा-दीड तासात होतो, मात्र आधी मिठाच्या पाण्यात ठेवून पुसून कोरडा करावा, म्हणजे धूर नीट बसतो. ३० अंशांखालच्या गार धुरात मासे मुरवण्याची युरोपीय पद्धत गोव्याच्या हवेत घरी करू नये. इथे बाहेरचीच हवा बहुतेक महिने त्या तापमानाला भिडते आणि कच्च्या माशात जंतू वाढतात.

पिंपाचा शत्रू पावसाळा. जून-जुलैत मासेमारी बंदी, पाठोपाठ श्रावण, मग चतुर्थी; पुष्कळ घरांत भट्टी तीन-तीन महिने पेटत नाही. राख हवेतले पाणी ओढते, त्यामुळे ती तळाशी राहिली तर पत्रा तिथूनच खातो. पहिल्या पावसाआधी राख खरवडून, आतून तेलाचा हात देऊन पिंप पडवीत विटांवर चढवावे आणि भोके उघडीच ठेवावीत. झाकण घट्ट बसवले तर चरबीच्या थरावर बुरशी धरते. चतुर्थीनंतर पहिला जाळ रिकाम्या भट्टीत, मोठा करावा. एवढे करूनही काही वर्षांनी तळ विरतो. त्याला ठिगळे लावत बसू नये. २०० लिटरची पिंपे जवळपास एकाच मापाची असतात, त्यामुळे जाळी, टोपली आणि झडप काढून दुसऱ्या पिंपात बसवता येतात.